मेल येतो, पण जात नाही: तीन फोनवरच्या दुरुस्तीच्या नोंदी

३ जून

तीन फोन, एकाच डोमेनवरची तीन खाती, आणि तिन्हीकडे तक्रार एकच: मेल येतात, पण पाठवलेले आउटबॉक्समध्ये पडून राहतात. मेल होस्टिंग नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतर हे सुरू झालं. ब्राउझरमधून वेबमेल उघडला की सगळं व्यवस्थित जातं. म्हणजे खाती चालू आहेत आणि पासवर्ड बरोबर आहेत, एवढं धरून चालायला हरकत नाही.

या बिघाडात वाईट असं की तो कळतच नाही. 'पाठवा' दाबलं की मेल समोरून नाहीसा होतो आणि पाठवणारा निर्धास्त होतो. आउटबॉक्स कोण उघडून बघतं? एका सहकाऱ्याचा मुदतीचा अर्ज असाच आउटबॉक्समध्ये सापडला, मुदत उलटून गेल्यावर. म्हणून हे काम बाकी सगळं बाजूला ठेवून हाती घेतलं.

खातं काढून पुन्हा टाकण्याचा उपाय तिन्ही फोनवर आधीच करून झाला होता. त्याने फरक पडला नाही, कारण ॲपने दर वेळी स्वतःच्या अंदाजाने त्याच सेटिंग पुन्हा भरल्या. मेल येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा असतो. येतो तो आयमॅप नावाच्या पद्धतीने, जातो तो एसएमटीपी नावाच्या. दोन्हींचं सर्व्हरचं नाव, पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक), सुरक्षेचा प्रकार, युजरनेम आणि पासवर्ड फोनमध्ये वेगवेगळे साठवलेले असतात. एक रस्ता चालू आहे यावरून दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही.

पद्धत अशी ठरवली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक चाचणी मेलच्या विषयात फोन, नेटवर्क आणि वेळ लिहायची. 'पहिला, वायफाय, सव्वासहा' असा विषय असला की कोणता मेल पोहोचला आणि कोणता राहिला यात घोळ होत नाही. चाचणी मेल दुसऱ्या कंपनीकडच्या पत्त्यावर पाठवायचा, आपल्याच डोमेनवर नाही. याचं कारण लगेच खाली आहे.

४ जून

पहिला फोन. ॲप फक्त 'मेल पाठवता आला नाही' एवढंच सांगतं. नोटिफिकेशन उघडून तपशील पाहिला तेव्हा सर्व्हरचं मूळ उत्तर दिसलं: ५५४, 'रिले ॲक्सेस डिनाइड'. ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांनी सगळ्यात आधी हा तपशील शोधावा. ॲपचं वाक्य निरुपयोगी असतं, आकडा उपयोगी असतो. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती आणि फोन आपोआप पुन्हा प्रयत्न करतो. ५ असेल तर सर्व्हरने स्पष्ट नकार दिलेला आहे, वाट बघून काही होणार नाही.

'रिले', म्हणजे मेल बाहेरच्या पत्त्याकडे पुढे नेणं, नाकारलं याचा अर्थ, सर्व्हरने आपल्याला ओळखलंच नाही. जाणाऱ्या मेलच्या सेटिंगमध्ये 'साइन-इन आवश्यक' हा पर्याय बंद होता आणि पोर्ट २५ होता. गंमत म्हणजे याच फोनवरून आमच्या आमच्यात पाठवलेले मेल पोहोचत होते, त्यामुळे 'कधी जातो, कधी जात नाही' अशी तक्रार यायची. पोर्ट २५ वर सर्व्हर अनोळखी माणसाकडूनही स्वतःच्या डोमेनवरच्या पत्त्यांसाठीचे मेल घेतो, कारण जगभरचे सर्व्हर त्याला तिथेच मेल आणून देतात. बाहेरचा पत्ता आला की मात्र तो ओळख मागतो. चाचणी बाहेरच्या पत्त्यावर करायची ती यासाठीच.

दुसऱ्या फोनवरच्या ॲपमध्ये जाणाऱ्या सर्व्हरखाली युजरनेम आणि पासवर्डच्या रकान्यात फिकट अक्षरांत 'ऐच्छिक' लिहिलेलं होतं. साहजिकच ते रिकामे राहिले होते. एसएमटीपी १९८२ मध्ये ठरलं तेव्हा त्यात पासवर्डची सोयच नव्हती, ती १९९९ मध्ये जोडली गेली. काही सर्व्हर आजही ओळख न मागता आपल्या नेटवर्कमधले मेल घेतात, म्हणून तो रकाना ऐच्छिक. आपल्यासाठी मात्र तो सक्तीचाच समजावा आणि त्यात पूर्ण मेल पत्ता व तोच पासवर्ड भरावा.

भरल्यावर ५३५ आला, म्हणजे ओळख सांगितली पण पटली नाही. पासवर्ड तर वेबमेलवर चालत होता. कारण कीबोर्डमध्ये होतं. सुचवलेला पत्ता टॅप करून निवडला की शेवटी एक मोकळी जागा आपोआप जोडली जाते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती पुसली आणि मेल गेला. युजरनेमचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होणं हाही याच जातीचा त्रास. सुचवणी न वापरता पत्ता हाताने टाइप करावा.

याच शोधात पूर्ण संध्याकाळ वाया गेली, आणि त्यातला बराचसा वेळ एका वेगळ्याच कारणाने. मध्येच वायफायवरचे तिन्ही फोन एकदम बंद पडले, येणारे मेलसुद्धा थांबले. फोन चुकीचा पासवर्ड घेऊन पाठीमागे सतत प्रयत्न करत होता, आणि सर्व्हरने तो पासवर्ड फोडण्याचा हल्ला समजून आमच्या वायफायचा आयपी पत्ताच (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) काही काळ अडवला. ओळखण्याची खूण सोपी आहे: वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला की मेल लगेच यायला लागतात. बंदी आपोआप उठली. आता पासवर्ड किंवा ओळखीच्या सेटिंगला हात लावण्याआधी बाकीचे फोन विमान मोडवर टाकतो.

५ जून

पोर्ट. पहिल्या फोनवर २५ काढून दुसरा लावायचा होता. फोनवरून पोर्ट २५ वापरूच नये. स्पॅम रोखण्यासाठी अनेक नेटवर्क तो बाहेर जाताना अडवतात. फोनसाठी दोनच जोड्या लक्षात ठेवल्या आहेत: ४६५ सोबत 'एसएसएल/टीएलएस' (बोलणं सुरुवातीपासून कुलूपबंद), आणि ५८७ सोबत 'स्टार्टटीएलएस' (सुरुवात उघडी, मग कुलूपबंद).

जोडी उलटसुलट झाली तर काय होतं ते मुद्दाम करून पाहिलं, कारण लक्षणांवरून चूक ओळखता येते. ४६५ वर स्टार्टटीएलएस लावलं की ॲप नुसतं फिरत राहतं आणि शेवटी वेळ संपल्याचं सांगतं. फोन सर्व्हरच्या नमस्काराची वाट बघतो, सर्व्हर फोनने आधी कुलूपबंद बोलणं सुरू करावं म्हणून थांबतो, आणि दोघेही गप्प. याउलट ५८७ वर थेट एसएसएल लावलं की एरर चटकन येतो, कारण कुलूपबंद उत्तराच्या अपेक्षेत असलेल्या फोनला उघडा मजकूर मिळतो. म्हणजे रखडलं तर पहिली शक्यता, लगेच तुटलं तर दुसरी.

जुन्या मार्गदर्शनात '४६५ वापरू नका, तो रद्द झाला आहे' असं वाचायला मिळतं. एके काळी ते खरं होतं. १९९८ मध्ये मेल सुपूर्द करण्यासाठी ५८७ ठरला आणि ४६५ ची नोंद मागे घेतली गेली. पण जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) ४६५ ला रीतसर परत आणलं आणि पहिल्या अक्षरापासून कुलूपबंद असलेली जोडणीच पसंत करावी असं सांगितलं. आम्ही तिन्ही फोनवर ४६५ लावला.

'सुरक्षा: काही नाही' हा पर्याय लावून बघण्याचा मोह होतो. लावू नये. पासवर्ड उघडा जातो.

७ जून

तिसरा फोन जुना, अँड्रॉइड ६ वरचा. इथे पोर्ट, युजरनेम, सगळं बरोबर असूनही 'सर्टिफिकेटवर विश्वास नाही' असा एरर येत होता, तोही फक्त पाठवताना. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. मेल येत होते, तेव्हा सर्टिफिकेट कसं चुकेल, हा प्रश्न मला बराच वेळ सुटला नाही. उत्तर सेटिंगमध्येच होतं. कोणीतरी पूर्वी येणाऱ्या सर्व्हरसाठी 'सर्व सर्टिफिकेट स्वीकारा' निवडून ठेवलं होतं. जाणाऱ्या सर्व्हरसाठी ते निवडलेलं नव्हतं, म्हणून फोन तिथे योग्य ती कुरकुर करत होता. म्हणजे बिघडलेला रस्ता जाण्याचा नव्हता. येण्याच्या रस्त्यावरचा बिघाड झाकून ठेवलेला होता.

तपासण्याच्या गोष्टी तीन. फोनची तारीख बरोबर आहे का? चुकीची असेल तर चांगलं सर्टिफिकेटही मुदतबाह्य ठरतं. आमची बरोबर होती. सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटवरच्या नावाशी जुळतं का? आमच्याकडे जुळत नव्हतं: फोनमध्ये आमच्या डोमेनचं नाव होतं, सर्टिफिकेट होस्टिंगच्या सर्व्हरच्या नावाने होतं. हे नाव बदलून घेतलं, तरी एरर राहिलाच.

तिसरी गोष्ट फोनच्या वयाची. नव्या सर्व्हरचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं होतं. तिचं मूळ प्रमाणपत्र, ज्याच्या आधारावर फोन तिच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवतो, अँड्रॉइड ७.१.१ पासून फोनमध्ये येतं. त्याआधीच्या फोनसाठी जुन्या मुळाचा आधार होता, तो २०२४ मध्ये संपला. अँड्रॉइड ६ वर मूळ प्रमाणपत्र हाताने बसवता येतं, आणि त्याने काम होतंही. पण ज्या फोनला सुरक्षा अद्यतनं मिळणं कधीच थांबलं आहे, त्यावर कामाचा मेल ठेवायचा का? मी ठेवू नये असं सांगितलं. खातं त्या फोनवरून काढलं, पासवर्ड बदलला, आणि ते खातं वेगळ्या, नव्या फोनवर जोडलं. 'सर्व स्वीकारा' या पर्यायाने एरर जातो, पण मधल्या कोणालाही सर्व्हर असल्याची बतावणी करून पासवर्ड घेता येतो.

१० जून

सगळ्यात जास्त वेळ याने खाल्ला. वायफायवर मेल जातो, मोबाइल डेटावर जात नाही. मोबाइल डेटावर मेल येतात मात्र व्यवस्थित.

पहिला संशय डेटा सेव्हर आणि बॅटरी बचतीवर. ॲप मागे गेलं की फोन त्याचं नेटवर्क तोडतो, हे खरं आहे. दोन्ही बंद केलं, ॲप समोर उघडं ठेवून पाठवलं. फरक नाही. दुसरा संशय मोबाइल कंपनी ४६५ अडवते असा. ५८७ लावून पाहिला, तोही रखडला. इतर कंपनीकडचं खातं त्याच फोनवर, त्याच डेटावर, त्याच ४६५ पोर्टवरून मेल पाठवत होतं. म्हणजे अडवणूक नेटवर्कची नव्हती.

मग फोनचा हॉटस्पॉट लावून त्यावर लॅपटॉप जोडला. लॅपटॉपवरूनही मेल जाईना. फोनचं ॲप निर्दोष ठरलं. मोबाइल डेटावरच व्हीपीएन (वेगळ्या सर्व्हरमार्गे नेणारी जोडणी) लावला, आणि मेल ताबडतोब गेला. फोन बरोबर, सर्व्हर चालू, पण या नेटवर्कवरून या सर्व्हरकडे जाणारा रस्ता तेवढा बंद.

फोनच्या माहितीत आयपी पत्ता पाहिला तेव्हा उलगडा झाला. मोबाइल डेटावर नव्या पद्धतीचा, लांबलचक आयपीव्ही६ पत्ता होता. वायफायवर फक्त जुन्या पद्धतीचा आयपीव्ही४. आमच्या मेल सर्व्हरच्या नावापुढे डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) दोन्ही प्रकारचे पत्ते नोंदवलेले होते, त्यामुळे वायफायवरचा फोन एका दाराने जायचा आणि मोबाइल डेटावरचा दुसऱ्या. नव्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (कोणते पोर्ट उघडे ठेवायचे ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात) आयपीव्ही६ साठी येणाऱ्या मेलचा पोर्ट ९९३ उघडा होता, पण ४६५ आणि ५८७ उघडायचे राहून गेले होते. नकारही येत नव्हता, विनंती गिळली जात होती, म्हणून ॲप पहिल्याच पत्त्यापाशी ताटकळायचं आणि वेळ संपवायचं. ब्राउझर अशा वेळी दुसरा पत्ता लगेच आजमावतो. आमचं मेल ॲप तसं करत नव्हतं.

खात्री करण्यासाठी सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपीव्ही४ पत्ता थेट टाकला. ताबडतोब सर्टिफिकेटच्या नावाचा इशारा आला. इशारा आला म्हणजे फोन सर्व्हरपर्यंत पोहोचला. तेवढंच जाणून घ्यायचं होतं. इशारा स्वीकारला नाही, नाव परत टाकलं.

होस्टिंगच्या मदत विभागाला कळवलं. उत्तर आलं: फोन रीस्टार्ट करा, खातं पुन्हा जोडा. त्यावर पुन्हा लिहिलं, आणि या वेळी तक्रार न लिहिता नोंदी लिहिल्या: कोणत्या पत्त्याच्या कोणत्या पोर्टवर उत्तर मिळतं आणि कोणत्या पोर्टवर मिळत नाही, एवढंच. मदत मागताना 'मेल जात नाही' हे वाक्य टाळलेलं बरं. ते वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही.

तोपर्यंतची सोय म्हणून अँड्रॉइड फोनवर मोबाइल नेटवर्कच्या ॲक्सेस पॉइंट सेटिंगमध्ये 'एपीएन प्रोटोकॉल' फक्त आयपीव्ही४ वर आणला. आमच्या जोडणीवर चाललं. जे नेटवर्क फक्त आयपीव्ही६ देतं तिथे याने इंटरनेटच बंद पडेल, म्हणून मूळ सेटिंगचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.

१४ जून

एकाच फोनचा आउटबॉक्स पुन्हा तुंबला. आधीच्या सगळ्या दुरुस्त्या जागेवर होत्या. रांगेत सगळ्यात पुढे फोटो जोडलेला एक मोठा मेल होता आणि त्याच्या मागे साधे, दोन ओळींचे मेल अडकले होते. काही ॲप रांगेतला पहिला मेल गेल्याशिवाय पुढच्याला हात लावत नाहीत.

जोडलेल्या फाइल २० एमबीच्या, मर्यादा २५ एमबीची, मग अडलं कुठे? मेलमधून फाइल जाते ती बेस६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत रूपांतर होऊन, आणि त्यात तिचा आकार एक तृतीयांशाहून थोडा जास्त वाढतो. २० चे २७ च्या आसपास होतात. मर्यादेच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमीच जोडावं. सर्व्हर यावर ५५२ देतो, पण आमच्या ॲपने तो दाखवला नाही, फक्त पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं आणि डेटा खात राहिलं.

अडकलेला मेल सहज पुसलाही जात नाही, कारण ॲप त्याच क्षणी तो पाठवण्याच्या खटपटीत असतं. विमान मोड लावला, ॲप बंद करून उघडलं, मेल ड्राफ्टमध्ये हलवला, फोटो लहान केले, विमान मोड काढला. मागची सगळी रांग मिनिटभरात रिकामी झाली.

त्यातला एक मेल समोरच्याला दोनदा मिळाला. कमकुवत नेटवर्कवर हे होतं. सर्व्हर मेल पूर्ण स्वीकारतो, पण त्याची '२५०' ही पोच फोनपर्यंत यायच्या आत जोडणी तुटते. फोनच्या हिशेबी मेल गेलेला नसतो, म्हणून तो परत पाठवतो. १९८८ च्या आरएफसी १०४७ मध्ये ही अडचण मांडलेली आहे, आणि फोनवर ती अजून भेटते. महत्त्वाचा मेल अडकलेला दिसला तर तो नव्याने लिहून पाठवण्याआधी समोरच्याला विचारावं.

१६ जून

दुसऱ्या फोनवरून गेलेले मेल 'पाठवलेले' मध्ये दिसतात, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात. ज्याला मेल गेला त्याच्याकडून मूळ हेडर (मेल कोणत्या सर्व्हरवरून आला याच्या नोंदी) मागवले. मेल आमच्या सर्व्हरवरून गेलेलाच नव्हता. या फोनवर वैयक्तिक खातंही आहे, आणि आमचा सर्व्हर अपयशी ठरला की ॲप गुपचूप त्या दुसऱ्या खात्याच्या एसएमटीपी सर्व्हरवरून मेल पाठवत होतं. पाठवणारा पत्ता आमच्या डोमेनचा, सर्व्हर परका. आमच्या एसपीएफ नोंदीत (डोमेनचे मेल पाठवायला परवानगी असलेल्या सर्व्हरच्या यादीत) तो सर्व्हर नाही, मेलवर आमची डीकिम सहीही (डोमेनची डिजिटल सही) नाही, मग समोरचा सर्व्हर संशय घेणारच.

जाणाऱ्या सर्व्हरच्या यादीत 'इतर सर्व्हर' बंद केले. प्रत्येक खात्याला त्याचाच सर्व्हर. आता मेल जाणार नसेल तर निदान तसं दिसेल.

त्याच फोनवरचं वैयक्तिक जीमेल खातं मालकाने जुन्या पासवर्डने वेगळ्या ॲपमध्ये टाकायचा प्रयत्न केला, तो अर्थातच चालला नाही. ३० मे २०२२ पासून गूगल नुसत्या पासवर्डवर अशा ॲपना वैयक्तिक खात्यात शिरू देत नाही. ॲपमध्ये 'गूगलने साइन-इन' असेल तर ते वापरायचं. नसेल तर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड बनवायचा आणि तो येणाऱ्या व जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरना द्यायचा. एकाच ठिकाणी दिला तर पुन्हा तीच तक्रार.

१८ जून

होस्टिंगकडून दोन ओळींचं उत्तर आलं: आयपीव्ही६ वर ४६५ आणि ५८७ उघडले आहेत. एपीएन प्रोटोकॉल मूळ सेटिंगवर परत नेला, व्हीपीएन काढला, फोन विमान मोडमधून फिरवून नवा पत्ता घेऊ दिला. मोबाइल डेटावरून ४६५ वर चाचणी मेल गेला, ५८७ वरही गेला. समोर पोहोचलेल्या मेलच्या हेडरमध्ये आमच्याच सर्व्हरचं नाव आहे, एसपीएफ आणि डीकिम दोन्ही उत्तीर्ण.

अर्जाची मुदत चुकलेल्या सहकाऱ्याने आउटबॉक्समधल्या त्या मेलचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट जोडून अर्ज आज पुन्हा पाठवला. पोहोचल्याचं उत्तर आलं आहे, निर्णय अजून नाही. सगळ्या फोनवर मेल ॲपची नोटिफिकेशन चालू केली, कारण त्यातल्या दोनवर ती बंद होती आणि पाठवता न आल्याची सूचना तिथेच येते.